कुरडयांपुरता हवामानाचा अंदाज

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे कोणाच्या जिवाला घोर नको. या हकिकतीत कोणाच्याही केसाला धक्का लागलेला नाही. नदीत बसलेल्या अकराच्या अकरा बायका सुखरूप आहेत आणि त्यांतली एक माझी पत्नी सुहासिनी आहे. नुकसान झालं ते फक्त कुरडयांचं आणि माझ्या इज्जतीचं. कुरडया पुन्हा घालता आल्या.

प्रकरण सुरू झालं एका डालड्याच्या डब्यापासून. गावच्या हायस्कुलात एकतीस वर्षं भूगोल शिकवून मी निवृत्त झालो. पर्जन्यमापकाची आकृती फळ्यावर मी इतक्या वेळा काढली की डोळे मिटून काढीन, पण खरं पर्जन्यमापक शाळेत कधी आलंच नाही. आलं असतं तरी त्यात भरायला पाऊस कुठून आणला असता, हा प्रश्न होताच. आमच्या जालना जिल्ह्यात पाऊस हा विषय अभ्यासक्रमात होता, अनुभवात फारसा नव्हता. मार्च संपला की गावात टँकर सुरू. मात्र एप्रिल-मेमध्ये कधीतरी दुपारनंतर वळीव येतो. तासाभरात लोकांचे पत्रे उडवतो, कांदा भिजवतो, एखाद्या झाडावर वीज पाडतो आणि कोणाला काही न सांगता निघून जातो. तो कधी येणार हे आधी सांगता आलं तर? मनात आलं आणि मी माळ्यावरचा डबा खाली काढला.

आमच्या समोर काकासाहेब राहतात. ते पाच वर्षं सरपंच होते, त्याला आता पंधरा वर्षं झाली, पण सल्ला देण्याचा त्यांचा कार्यकाल अजून संपलेला नाही. मी गच्चीवर डबा बसवतोय म्हटल्यावर ते लुंगी सावरत वर आले.

"सर, डब्बा आडवा बांधा."

"आडवा? अहो काकासाहेब, पाऊस वरून पडतो."

"पुस्तकात. आपल्याकडं तो आडवाच येतो. मागल्या साली माझ्या ओसरीतल्या बाजंवर आल्ता, वर छप्पर असून. आन् हा खर्चा कशाला करून राह्यले? माझा डावा गुडघा बराबर सांगतो."

"मग सांगा, या आठवड्यात पाऊस आहे का?"

त्यांनी गुडघा दोनदा वाकवून पाहिला. "न्हाई. पण गुडघ्याचं काही खरं न्हाई."

डब्याशेजारी मी शाळेच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेला तापमापक टांगला, हवेतला दमटपणा कळावा म्हणून त्याच्या फुग्याला जुन्या धोतराची ओली चिंधी गुंडाळली, आणि पंख्याच्या मोडक्या पात्याचा वारा दाखवणारा बाण केला. मग मोबाइलवर 'गच्ची हवामान केंद्र' नावाचा ग्रुप काढला. त्यात सत्तेचाळीस लोक घातले. पहिल्याच दिवशी नऊ जण निघून गेले, पण शास्त्राच्या वाटेवर गळती व्हायचीच. राहिलेल्यांत माझा जुना विद्यार्थी भुजंग होता. त्याची शेती आमच्याच नदीच्या वरच्या अंगाला, बारा किलोमीटरवर, टेकड्यांच्या पायथ्याशी. शाळेत असताना तो शेवटच्या बाकावरून माझ्या चुका काढायचा. आता शेतातून काढतो.

माझ्या केंद्राला पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते घरातूनच, आणि ते कुरडयांचं होतं. कुरडई ही वस्तू ज्यांनी फक्त ताटात पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगतो. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, तिसऱ्या दिवशी ते वाटून चीक काढायचा, तो भल्या सकाळी शिजवायचा आणि सोऱ्यातून उन्हात घालायचा. म्हणजे बाईला आज गहू भिजवताना तीन दिवसांनंतरच्या उन्हाची खात्री लागते. वळीव आला तर कुरडया गेल्या. आणि वळवाच्या भीतीने काम पुढे ढकललं तर चीक आंबून जातो. जगातल्या भल्याभल्या हवामान खात्यांना घाम फुटेल असा हा प्रश्न आमच्या गल्लीत दर उन्हाळ्यात उभा राहतो, आणि आजवर तो बायका देवाचं नाव घेऊन सोडवत होत्या.

गल्लीतल्या महिला बचत गटाच्या प्रमुख पुष्पाबाई. आवाज असा की त्यांना मारुतीच्या देवळावरच्या भोंग्याची गरज लागत नाही. त्यांनी मोठ्या विश्वासाने गहू भिजवून मला विचारलं, "सर, परवा घालू ना?"

मी ओली चिंधी पाहिली, बाण पाहिला, पश्चिमेला एक ढग फुलकोबीसारखा वर चढताना पाहिला. ही सगळी लक्षणं मी स्वतः परीक्षेत पाच मार्कांना विचारलेली. "बिलकुल घालू नका," मी म्हणालो. "परवा वादळी पाऊस आहे."

परवा असं ऊन पडलं की काकासाहेबांच्या सायकलची ट्यूब उभ्या जागी फुटली. तेरवाही तसंच. चीक आंबला. त्याच्या कुरडया तांबूस झाल्या आणि त्यांचा वास आमच्या घरापर्यंत येऊन दारात थांबला. पुष्पाबाईंच्या म्हशीनेसुद्धा टोपलीत एकदा तोंड घातलं, माझ्या घराकडे पाहिलं, आणि तोंड बाहेर काढलं.

एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. मी तालुक्याला गेलो. कारण माझा असा समज झाला की माझ्या नोंदींना सरकारी मान्यता नाही म्हणून त्या चुकतात. कचेरीतल्या साहेबांनी माझी वही आदराने उघडली आणि तितक्याच आदराने मिटली.

"सर, पाऊस महसूल मंडळाच्या ठिकाणी मोजतात. तुमच्या मंडळाचं यंत्र तुमच्या गावापासून चौदा किलोमीटरवर हाय. तिथं पडला तर पडला."

"आणि आमच्या गावात पडला तर?"

"तर तो तिथं पडायला पाहिजे होता," ते म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं.

मी इरेला पेटलो. रोजची नोंद पोस्टाने पाठवायला लागलो. आणि एके दिवशी सकाळी पाहतो तर डब्यात पाणी! पट्टी घालून मोजलं. एकतीस मिलिमीटर. पहाटे कधीतरी सर येऊन गेली असणार, आणि कूलरच्या घरघरीत आपल्याला कळलंच नाही. माझा आनंद गगनात मावेना. आदल्या दिवशी पारा बेचाळीसवर होता, अंगण कोरडं ठाक होतं, झाडावरची धूळसुद्धा हललेली नव्हती, पण वैज्ञानिक माणूस यंत्रावर विश्वास ठेवतो. नोंद सहीनिशी पाठवली.

चार दिवसांनी साहेबांचा फोन आला. "सर, त्या दिवशी अख्ख्या जिल्ह्यात ढगसुद्धा नव्हता. तुमच्या एकट्याच्या गच्चीवर ढगफुटी झाली का?"

मी फोन ठेवून डब्याकडे पाहत उभा होतो. तेवढ्यात सुहासिनी हातात तांब्या घेऊन वर आली आणि माझ्यादेखत तिने डब्यात पाणी ओतलं.

"अगं! हे काय करतेस?"

"चिमण्यांना ठेवते. किती ऊन आहे. रिकामा डबा पडलाय तर म्हटलं त्यांच्या तरी उपयोगी पडेल."

गावात ही बातमी पोचायला तिला आणि पुष्पाबाईंना मिळून अर्धा तास पुरला. त्यानंतर मी रस्त्याने निघालो की लोक वर आकाशाकडे बघून "सर, चिमण्या काय म्हणतात?" असं विचारायचे. मी ग्रुपवर आठ दिवस काही लिहिलं नाही. एकानेही विचारलं नाही की सर गप्प का. हे मला जास्त लागलं.

आता आमची मुलगी गंधाली पुण्यात नोकरी करते. पुण्यातल्या लोकांना कुरडई खायला हवी असते आणि घालायला गच्ची नसते. तिने हापिसातल्या लोकांकडून बचत गटाला मोठी मागणी मिळवून दिली, पन्नास किलो गव्हाच्या कुरडयांची. गटाची ही गावाबाहेरची पहिलीच मागणी. पुष्पाबाई त्या आठवड्यात जमिनीला पाय न लावता चालत होत्या. एवढ्या कुरडया कोणाच्याच गच्चीवर मावणार नव्हत्या, म्हणून ठरलं की नदीत घालायच्या.

आमची नदी उन्हाळ्यात नावालाच नदी. तिच्यात लग्नं लागतात, क्रिकेटच्या स्पर्धा होतात, आठवडी बाजारही भरतो. पात्राच्या मधोमध एक लांबरुंद सपाट काळा खडक आहे. तो तव्यासारखा तापतो, तिथे रस्त्याची धूळ येत नाही, आणि वाळवणाला त्याच्यासारखी जागा पंचक्रोशीत नाही. माझी आजीसुद्धा तिथेच सांडगे घालायची.

बायका मला विचारणार नव्हत्याच. पण सुहासिनी पुष्पाबाईंना घरी घेऊन आली आणि म्हणाली, "यांना एकदा विचारा तरी. नाहीतर हे जेवायचे नाहीत."

पुष्पाबाई माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघून म्हणाल्या, "सांगा मंग सर. काय म्हणून राह्यलं तुमचं आभाळ?"

या वेळी मी चूक करणार नव्हतो. मी दोन दिवस गच्चीवर तळ ठोकला. चिमण्यांना वेगळं वाडगं दिलं. आणि लेखी अंदाज दिला: 'सोमवार ते गुरुवार, आकाश निरभ्र, पाऊस शून्य.' खाली सही, तारीख, आणि ग्रुपवरही टाकला. सोमवारी गहू भिजले. गुरुवारी सकाळी अकरा बायका नदीत उतरल्या. साड्या आणि प्लास्टिकचे कागद खडकभर पसरले आणि दहा वाजेपर्यंत सगळा खडक पांढऱ्या कुरडयांनी भरून गेला. ऊन झणझणीत. आभाळात ढगाचा ठिपका नाही. दुपारी तीन वाजता मी गच्चीवर उभा राहून ते दृश्य पाहिलं आणि माझा ऊर भरून आला. माझा अंदाज तंतोतंत खरा ठरला होता. आजतागायत तो खराच आहे. त्या दिवशी आमच्या गावात पावसाचा एक थेंबही पडला नाही, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगेन.

सव्वातीनला भुजंगचा फोन आला.

"काय सर! कोरडं म्हणले होते ना? लेखी देल्तं. इकडं या, बघा. माझ्या वावरात बैल पोहून राह्यलेत!"

"भुजंग, नीट वाच. अंदाज आमच्या गावापुरता आहे."

"गारा पडल्या सर, लिंबावानी. गोठ्याचा पत्रा उडून गेला. दीड घंटा ढग हलला न्हाई जागचा. आन् तुम्ही म्हणता पाऊस शून्य."

आता मला कबूल केलं पाहिजे की पुढची चार मिनिटं मी त्याच्याशी वाद घातला. अंदाजाचं क्षेत्र म्हणजे काय, स्थानिक वळीव कसा एका शिवारात पडतो आणि दुसऱ्यात पडत नाही, हे मी त्याला समजावून देत होतो. शाळेतही त्याला ते समजलं नव्हतं. तो ऐकून घेत होता आणि मधूनच हसत होता. मग तो म्हणाला, "ते सगळं बराबर हाय सर, पण अर्धा घंटा झाला, नदीवरला नळकांडी पूल पाण्याखाली गेला. मी तर म्हणलं आता सरांच्या गावाला..."

फोन माझ्या हातून सुटला. एकतीस वर्षं मी फळ्यावर नदी काढली. दर वेळी वरून सुरुवात केली, डोंगरापासून. पोरांना ओरडायचो, अरे गाढवांनो, नदी तुमच्या गावात उगवत नाही. आणि माझं सगळं हवामान केंद्र माझ्या गच्चीएवढ्या आभाळाकडे बघत बसलं होतं. सुहासिनी नदीच्या मधोमध होती, आणि ती तिथे माझ्या सहीने गेली होती.

मी पळालो. बासष्टाव्या वर्षी माणूस पळतो म्हणजे काय करतो हे काकासाहेबांनी नंतर गावाला करून दाखवलं, त्यामुळे मी वर्णन करत नाही. एक चप्पल गल्लीतच राहिली. काठावर पोचलो तेव्हा बायका झाडाच्या सावलीला, पण पात्रातच, कुरडया राखत बसल्या होत्या. भोवती रिकामी पातेली, बादल्या, घमेली.

"वर या!" मी ओरडलो. "पूर येतोय! जल्दी वर या!"

अकराही जणींनी आधी आभाळाकडे पाहिलं. निळंशार. मग माझ्याकडे पाहिलं. एका पायात चप्पल, घाम, विस्कटलेले केस.

पुष्पाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "सर, बसा सावलीला. ऊन लागलं तुम्हाला."

"अहो पुष्पाबाई, वर भुजंगकडे ढग फुटलाय! पूल बुडाला!"

"मागल्या बारीला बी असंच म्हणले होते. म्हशीनं खाल्ल्या न्हाईत त्या कुरडया. आता काही झालं तरी उचलायच्या न्हाईत." आणि बायका हसल्या. एकीने विचारलं, हे कोणत्या चिमणीनं सांगितलं.

मी तिथे उभा राहून रडायच्या बेताला आलो होतो. विनंती केली, शपथ घातली, गंधालीची आण घातली. एकही हलेना. माझ्याच दोन चुकांनी त्यांना त्या खडकाला बांधून ठेवलं होतं. वरच्या वळणाकडे पाहिलं तर अजून काही दिसत नव्हतं, फक्त तिकडचे बगळे उठून चालले होते.

आणि मग माझ्या तोंडून निघालं. कसं निघालं मला माहीत नाही. पोटातून ओरडलो:

"टँकर आला! चावडीपुढं टँकर आला!"

काय सांगू! माझं वाक्य पुरं व्हायच्या आत पुष्पाबाई उभ्या. दोन हातांत दोन बादल्या. "ऊठ गं! पहिला नंबर लावा!" पातेली, घमेली, कळश्या, सोऱ्याचं भांडंसुद्धा, जे हाताला लागेल ते घेऊन बायका काठ चढल्या. पासष्टीची उषाबाई, जिला एरवी ओटा चढायला दोघी लागतात, ती माझ्या अंगावरून पुढे गेली आणि जाताना मला बाजूला ढकललं. मिनिटभरात दहा जणी चावडीकडे धावत होत्या.

दहा. अकरावी खडकावर उभी होती. सुहासिनी. ती धावत नव्हती. ती वाकून शांतपणे एका साडीची चार टोकं गोळा करत होती.

"अगं टँकर!" मी वेड्यासारखा ओरडलो.

"ऐकलं," ती म्हणाली. "खाली या आणि हे टोक धरा."

मी उतरलो. एका पायाने खडकावर चटके खात गेलो, टोक धरलं, आणि आम्ही दोघं ते ओझं घेऊन काठ चढलो. चढताना तिचा श्वास मला ऐकू येत होता. वर आल्यावर मी तिचा दंड धरला तो सोडलाच नाही. भर रस्त्यात, छत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

तेवढ्यात चावडीकडून फौज परत आली. रिकामी भांडी, लाल डोळे. पाठोपाठ काकासाहेबही, खांद्यावर हंडा घेऊन. पुष्पाबाईंनी बादली खाली आपटली.

"सर, तुम्ही शिकलेले माणूस! पाण्याची थट्टा करता? या गावात पाण्याची? आमच्या कुरडया उघड्या टाकून..."

त्यांचं वाक्य तिथेच तुटलं. आधी आवाज आला, खडीची गाडी रिकामी करावी तसा. मग वळणावरून गढूळ पाणी आलं, पुढे काड्या, फांद्या, कडबा. वरून भुजंगच्या गोठ्याचा पत्रा. ते पाणी नदीत भरत नव्हतं, चालत येत होतं. खडक आधी अर्धा दिसेनासा झाला, मग सगळा. साड्या, प्लास्टिक, पन्नास किलो गव्हाच्या कुरडया आमच्या डोळ्यांदेखत उठल्या आणि निघून गेल्या. ज्या झाडाच्या सावलीला बायका बसल्या होत्या त्याचा फक्त शेंडा राहिला. आणि वर आभाळ निळंशार.

पुष्पाबाईंनी बोट दाखवून मोजायला सुरुवात केली. अकरा झाल्या. त्यांनी पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजताना त्यांचा आवाज फुटला आणि त्या रस्त्यावरच बादली उलटी करून तिच्यावर बसल्या. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "जाऊ द्या गं कुरडया. गहू हायेत अजून." मीसुद्धा त्यांच्या शेजारी धुळीत बसलो. इतकं हलकं वाटत होतं की मला हसू आवरेना. मी हसलो म्हणून उषाबाई हसली, आणि मग सगळ्याच हसत सुटल्या, भांडी हातात धरून.

काकासाहेब तेवढे गंभीर होते. "सगळं खरं सर," ते म्हणाले, "पण टँकर आला न्हाई."

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला तलाठी आले. त्यांच्या फॉर्मात पीक होतं, घर होतं, जनावर होतं. कुरडईला रकाना नव्हता. "वाळवण म्हणजे उभं पीक का पडझड?" असं त्यांनी मला विचारलं. शेवटी त्यांनी 'इतर' मध्ये लिहिलं आणि सुहासिनीने वाचवलेल्यांपैकी तळलेल्या दोन कुरडया खाऊन ते गेले. गंधालीच्या हापिसाला ती एका साडीतली वानगी पाठवली. उरलेल्या मागणीसाठी महिनाभर थांबायला लोक आनंदाने तयार झाले.

आता आमचा ग्रुप जोरात आहे. नाव तेच, पण काम भुजंग आणि वरच्या चार गावांतले लोक करतात. त्यांच्याकडे ढग भरला की ते कळवतात, मी फक्त ते पुढे पाठवतो. पुष्पाबाई गहू भिजवण्याआधी मला विचारतात, आणि आता माझ्याकडे बघून विचारतात: "सर, नुसता पाऊस हाय का टँकर?" टँकर म्हणजे नदीत उतरायचं नाही. गेल्या शनिवारी खरा टँकर आला तेव्हा त्याची वर्दी ऐकून निम्मी गल्ली हंडे घेऊन धावली आणि निम्मी आधी नदी बघायला गेली. टँकरवाला बिचारा बुचकळ्यात पडला.

एक गोष्ट मात्र मला खात होती. शेवटी मी सुहासिनीला विचारलं, की सगळ्या पळाल्या आणि तू का नाही पळालीस.

ती भाजी निवडत होती. "टँकर येणारच नव्हता," ती म्हणाली. "टँकरवाल्याच्या मेव्हण्याचं लग्न होतं गुरुवारी. मंगळवारी त्यानंच मला सांगितलं होतं."

"म्हणजे तुला माहीत होतं मी खोटं बोलतोय?"

"हो."

"मग वर का आलीस? पूर येतोय म्हणालो तेव्हा तर तूही हसत होतीस."

"तेव्हा वाटलं, नेहमीचं चुकलंय काहीतरी तुमचं." तिने एक देठ मोडला. "पण छत्तीस वर्षांत तुम्ही चुकलात पुष्कळदा, खोटं कधी बोलला नाहीत. सगळ्या गावासमोर बोललात तेव्हा म्हटलं, आता पाणी येतंय खरंच."

मी उठून गच्चीवर गेलो. चिमण्यांचं वाडगं उन्हात कोरडं पडलं होतं. मी तांब्या घेतला, वाडगं राहू दिलं, आणि तिच्यासारखंच पर्जन्यमापकाच्या डब्यात पाणी ओतलं. पट्टी घालून पाहिलं. बरोबर एकतीस मिलिमीटर.